बिडात ओतलेली बागायत

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत जुन्या विहिरींच्या काठावर अजून चौथरे दिसतात. काही दगड-चुन्याचे, काही सिमेंटचे. वरचा भाग तेल मुरून काळा पडलेला आणि चार कोपऱ्यांतून चार गंजके बोल्ट वर आलेले. शेतात नव्याने आलेल्या माणसाला तो भंगारचा अवशेष वाटतो. जाणता फिटर मात्र टेप काढून बोल्टांमधले अंतर मोजतो, चौथऱ्याच्या कडेला फ्लायव्हीलसाठी सोडलेली खाच पाहतो, पट्टा कोणत्या दिशेने जात असेल ते ताडतो आणि त्यावर केवढे इंजिन बसवलेले होते याचा अंदाज बांधतो. कित्येकदा तो अंदाज खरा ठरतो, कारण ज्या इंजिनासाठी हा चौथरा बांधला ते जवळच्याच गोठ्यात कडब्याखाली पडलेले सापडते.

खानदेशच्या बागायतीचा इतिहास आजवर कापसाच्या जाती, केळीचे भाव, धरणे आणि रेल्वेचे वॅगन यांच्या अंगाने सांगितला गेला. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जळगावची केळी आणि धुळ्याची विहीर-बागायत उभी राहिली ती मातीत फिरणाऱ्या आणि पाणी वर काढणाऱ्या यंत्रांवर, आणि यंत्रांचा हा इतिहास कागदापेक्षा बिडात जास्त शिल्लक आहे. बीड वितळवले की तो संपतो.

यंत्र येण्यापूर्वी होती मोट. वरचा नाडा, खालचा सोंदूर, उतारावरची धाव, पाणी पडणारे थारोळे, एक मोट हाकणारा आणि एक वाफ्यात बारे देणारा, अशी ती सारी व्यवस्था. एका खेपेला शंभर-दीडशे लिटर पाणी वर येई. हे पाणी केळीला किती पुरत असेल, याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरभर केळीत १,७०० हून जास्त खोडे बसतात. उन्हाळ्यात एका खोडाला दिवसाला १५ लिटर पाणी धरले, तर एकराला सुमारे २६,००० लिटर लागते. म्हणजे रोज किमान पावणेदोनशे खेपा, आणि पाटातून जाताना वाटेत जिरणारे पाणी वेगळेच. ज्याच्याकडे दोन-तीन बैलजोड्या, खात्रीची विहीर आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरवलेले सालदार होते, त्यालाच केळी परवडे. बाकीच्यांची बागायत मिरची, कांदा, भाजीपाला आणि थोडा गहू एवढ्यापुरती राही.

धुळ्याकडची गोष्ट थोडी वेगळी. पांझरेच्या खोऱ्यात साक्री-धुळे परिसरात फड पद्धतीचे जुने बंधारे होते. नदी अडवून पाटाने पाणी फडांत न्यायचे, पाटकरी आणि जागल्यांनी त्याची वाटणी करायची. तिथे पाणी उताराने येई, उपसावे लागत नसे. उपसा करणाऱ्या यंत्राची निकड सर्वांत आधी भासली ती सातपुड्याच्या पायथ्याच्या गाळाच्या जमिनीत. तिथे जमीन खोल आणि कसदार होती, पण पाणी विहिरीच्या तळाशी होते.

यंत्राची ओळख खानदेशाला शेतातून झाली नाही, ती कापसातून झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि त्यांची नजर खानदेश-वऱ्हाडाकडे वळली. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग जळगाव, भुसावळपर्यंत पोहोचला. पाठोपाठ वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस आले. फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसाने १८४० मध्ये पेटंट घेतलेला रोलर जिन ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारखे कारखाने तयार करत होते आणि तो भारतातल्या कापूस-बाजारांत पसरत होता. जळगावात सूतगिरणी निघाली, पुढे अमळनेर आणि धुळ्यात प्रतापशेठांच्या गिरण्या उभ्या राहिल्या. भुसावळला रेल्वेचे मोठे लोको शेड होते.

या सगळ्यातून जे घडले त्याची नोंद कोणत्याही अहवालात ठळकपणे नाही, पण पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया तोच आहे. खानदेशात फिटर तयार झाले. पांढऱ्या धातूचे बेअरिंग ओतणारे, पट्ट्याला शिवण घालणारे, लेथवर शाफ्ट खरडणारे, व्हॉल्व्हचा आवाज ऐकून दोष सांगणारे लोक जिनांतून आणि शेडमधून बाहेर पडले. जिनचा हंगाम संपला की त्यांच्या हाताला काम नसे. विहिरीवर पहिली इंजिने आली तेव्हा त्यांची दुरुस्ती करायला पुण्या-मुंबईहून माणूस आणावा लागला नाही, याचे श्रेय या पिढीला द्यायला हवे.

मातीच्या बाजूने पहिले मोठे यंत्र म्हणजे लोखंडी नांगर. खानदेशच्या काळ्या जमिनीत दरवर्षी नांगरट करण्याची रीत नव्हती. वर्षाचे मुख्य काम वखर करी. नांगर चालायचा तो काही वर्षांच्या अंतराने. लाकडी नांगर जड होता, खोल घालायचा तर त्याला तीन-चार बैलजोड्या जुंपाव्या लागत, आणि तरी तो माती फोडत असे, उलटत नसे. परिणामी हराळी आणि कुंदा या दोन चिवट तणांची मुळे खाली शाबूत राहत. कुंदा माजलेले वावर मजूर लावून खणून काढावे लागे आणि त्याचा खर्च ऐकून शेतकरी ते वावर पडीक ठेवणे पसंत करी.

सरकारी प्रयोग आधीपासून चालू होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणेकाठी भडगावला सरकारी प्रायोगिक शेत होते. पण विलायती नांगर किमतीला भारी, वजनाला भारी, आणि त्याचा फाळ तुटला तर दुसरा मिळणार कुठून, हा प्रश्न तसाच राही.

त्याचे उत्तर बेळगावहून आले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याचे काम करून परतलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र काढले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत तेव्हा पक्की होती. पहिले नांगर विकायला त्यांना बराच काळ वाट पाहावी लागली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि नांगरांचे उत्पादन वाढले. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातूनही नांगर निघू लागले. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. यमुनेकाठी अलाहाबादच्या कृषी संस्थेत मेसन वॉ हे अमेरिकन अभियंते हलके नांगर घडवत होते आणि त्यांना ‘वाह-वाह’, ‘शाबाश’ अशी नावे देत होते. नांगराची रचना इंग्लंड-अमेरिकेच्या शेतासाठी झालेली, बैल मात्र इथले, ही अडचण सगळीकडे सारखीच होती. ज्यांनी इथल्या बैलाची ताकद मोजून नांगर हलका केला आणि सुटा फाळ बाजारात ठेवला, त्यांचा नांगर टिकला.

आज खानदेशात सापडणारा जुना नांगर ओळखायचा तर प्रथम त्याच्या पाट्यावर आणि बेंडावर बोटे फिरवावीत. ओतीव भागावर कारखान्याचे नाव किंवा नुसता आकडा उठावदार अक्षरांत असतो. गंजाने आणि रंगाने तो बुजतो. तारेच्या ब्रशने हळूहळू घासून वर पीठ किंवा खडूची पूड चोळली की अक्षरे वर येतात. फाळ बहुधा मूळ नसतो, कारण तो झिजणारा भाग. गावच्या लोहाराने मोडक्या स्प्रिंगपट्टीचा फाळ बसवलेला असेल तर तो काढून टाकू नये. नव्याने रंगवलेल्या नांगरापेक्षा, लोहाराच्या घणाचे घाव दिसणारा नांगर त्या गावाबद्दल जास्त सांगतो.

देशात पशुगणना १९१९-२० मध्ये सुरू झाली तेव्हापासून तीत नांगर आणि गाड्याही मोजल्या जात. पुढच्या गणनांत लाकडी आणि लोखंडी नांगर वेगळे मोजले जाऊ लागले, मग ऑइल इंजिन, विजेचे पंप, ट्रॅक्टर यांचे रकाने आले. गुराढोरांच्या यादीत यंत्रे मोजण्याची ही पद्धत आज इतिहासकाराला फार उपयोगी पडते. एखाद्या तालुक्यात मोट हटून इंजिन कधी आले हे पाहायचे असेल, तर हे रकाने दर पाच वर्षांनी बदलत गेलेले चित्र दाखवतात.

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक साहित्यातून सजावट केली होती. ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते, हातऔजारांना त्यात मानाचे स्थान होते. शेतसारा आणि कर्जाच्या ओझ्यावर तिथे ठराव झाला. त्या काळात या पट्ट्यातला शेतकरी दोन वाटांच्या मध्ये उभा होता. एका बाजूला गावातल्या सुताराने घडवलेली तिफण आणि कोळपे, दुसऱ्या बाजूला इंग्लंडातले डर्सली, सातारा रोड आणि किर्लोस्करवाडीचे बीड. त्याने दोन्ही घेतली. पेरणी आणि आंतरमशागत सुताराच्या औजारांनी चालू राहिली; पाणी आणि खोल नांगरट यंत्रांकडे गेली.

आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींचे आयुष्य, १८८० ते १९५१, नेमके याच संक्रमणाचे आहे. त्यांच्या ओव्यांमध्ये विहीर, मोट, पेरणी, कापणी जितक्या जिवंतपणे येते तितकी ती कोणत्याही कृषी अहवालात येत नाही. त्यांनी डोळे मिटले तेव्हा मोटेचे दिवस भरत आले होते.

आता इंजिनाकडे. इंग्लंडात पेटर कंपनीने १९२३ मध्ये ‘एम’ जातीचे छोटे इंजिन काढले. वर उघडा हौद असलेले, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे. ग्लॉस्टरशायरमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९२६ मध्ये लहान ‘डी’ इंजिन आणि १९३० च्या सुमारास ‘सी. एस.’ हे डिझेल इंजिन बाजारात आणले. त्यापूर्वीच्या कित्येक तेलइंजिनांचे डोके ब्लोलॅम्पने तापवल्याशिवाय ती सुरू होत नसत. लिस्टरचे हे इंजिन थंड स्थितीत नुसत्या हँडलवर सुरू होई. पाच, पुढे सहा अश्वशक्ती. मिनिटाला सहाशे ते साडेसहाशे फेरे. दोन बाजूंना दोन जड फ्लायव्हील. वजन तीनशे किलोंहून जास्त. याच दशकात कूपरांनी सातारा रोडला तेलइंजिने बनवायला घेतली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि स्वातंत्र्यानंतर राजकोटच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांनी लिस्टरच्या नमुन्याची इंजिने ओतायला सुरुवात केली.

एवढे मंद आणि जड इंजिन इथे रुजण्याची कारणे साधी होती. फेरे कमी म्हणजे झीज कमी. भाग मोठे आणि उघडे म्हणजे पाना चालवायला जागा. इंधन गाळून घेतले नाही, तेल वेळेवर बदलले नाही, तरी ते लगेच रुसत नसे. डोक्यावरचा डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा, खटका खाली टाकायचा. मग एक धूर आणि संथ ठोका. दुरून कुणाच्या विहिरीवर इंजिन चालू आहे हे ओळखणारे सालदार होते, असे वडीलधारे आजही सांगतात.

दहा मीटर उंच पाणी चढवायचे असेल, पंप आणि पट्ट्यातली हानी धरून निम्म्याहून कमी ताकद कामी येत असेल, तरी पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला साठ हजार लिटरच्या आसपास पाणी काढते. वर मांडलेले एकराचे २६,००० लिटर, ज्याला मोटेच्या पावणेदोनशे खेपा लागत, ते अर्ध्या तासात वर येऊ लागले. केळीचे क्षेत्र वाढण्यामागे रेल्वे होतीच. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून उत्तरेकडे माल जात होता. पण वॅगन भरायला माल तयार झाला तो या अर्ध्या तासामुळे.

पैशाची सोय महत्त्वाची होती. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने आणि १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याने तगाई मिळे. १९३५ मध्ये मुंबई प्रांताची सहकारी भूतारण बँक स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली, पुढे विहीर आणि इंजिनासाठी भूविकास बँकेची कर्जे आली. इंजिनाच्या पावत्या, तगाईचे कागद, बँकेचे गहाणखत असे दस्तऐवज अजून घराघरांतल्या लोखंडी पेट्यांत आहेत. यंत्र ओळखणाऱ्याने आधी पेटी उघडायला सांगावी, मग गोठा.

इंजिनाचे युग का संपले, याचे उत्तर पुष्कळदा ‘वीज आली’ एवढ्यात दिले जाते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि विजेचे पंप वाढले, हे खरे. पण मूळ कारण विहिरीच्या भिंतीवर कोरलेले आहे. सेंट्रिफ्युगल पंप पाणी जोरात ढकलतो, ओढतो मात्र मर्यादेतच. हवेच्या दाबाने पाणी नळीतून जास्तीत जास्त १०.३ मीटर चढू शकते. विहिरीवरच्या खऱ्या पंपाला सहा-सात मीटरच जमते. पाणी त्याखाली गेले की पंप खाली न्यावा लागे. मग विहिरीच्या भिंतीत कोनाडा खणायचा, त्यावर दोन गर्डर टाकायचे, पंप तिथे बसवायचा, इंजिन वर आणि मधे लांब पट्टा. पाणी आणखी खाली गेले की दुसरा कोनाडा. रावेर-यावलच्या जुन्या विहिरींत एकाखाली एक असे कोनाडे दिसतात. प्रत्येक कोनाडा म्हणजे पाण्याच्या पातळीची एक जुनी खूण. शेवटच्या कोनाड्याखाली पट्टा पोहोचत नव्हता. तिथून पुढे बोअर आणि सबमर्सिबल मोटार आली, आणि वर उभे असलेले इंजिन एका दिवसात निरुपयोगी झाले. रावेर आणि यावल हे आज भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके गणले जातात. त्या कोनाड्यांची मोजमापे घेऊन, प्रत्येक कोनाडा कोणत्या साली खणला हे घरच्यांना विचारून तक्ता केला, तर केळीच्या पट्ट्यातल्या पाण्याचा इतिहास विहिरीगणिक लिहिता येईल. हे काम कुणीतरी हाती घ्यावे, आणि विहिरी बुजवल्या जाण्याआधी घ्यावे.

बागेत फिरणाऱ्या छोट्या यंत्रांचा वेगळाच इतिहास आहे. स्वित्झर्लंडचे कोनराड फॉन मायनबुर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिरत्या दातांनी माती पोखरणारे यंत्र रचले. ऑस्ट्रेलियात क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर असे प्रयोग केले आणि १९२२ मध्ये कंपनी काढली. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे वाकडे पाते ही त्यांची देणगी, जी आजच्या प्रत्येक रोटाव्हेटरवर दिसते. अमेरिकेत सॅम्युअल लीड्स ॲलन यांची ‘प्लॅनेट ज्युनियर’ ही हाताने ढकलायची पेरणी आणि निंदणीची औजारे मळेवाल्यांत जगभर गेली. जपानने भातशेतीसाठी दोन चाकांचा पॉवर टिलर घडवला. भारतात तो १९६० च्या दशकात आला, बंगळुरूच्या व्ही. एस. टी. टिलर्सने १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने तो बनवायला घेतला, केरळमध्ये काम्कोने कुबोटाच्या नमुन्यावर.

केळीच्या पाच फुटांच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. म्हणून पॉवर टिलर खानदेशासाठीच घडला असे वाटावे. प्रत्यक्षात तो कोकणात आणि भाताच्या पट्ट्यात जितका रुळला, तितका इथे रुळला नाही. कारण काळ्या जमिनीत दडले आहे. उन्हाळ्यात ती ढेकळे धरते आणि टिलर उडतो. ओली असताना ती चाकांना आणि पात्यांना चिकटते. शिवाय चालणाऱ्याचा हिशेब बघावा. ६० सेंटिमीटर रुंदीने एक एकर मशागत करायची तर यंत्रामागे जवळपास पावणेसात किलोमीटर चालावे लागते, तेही जू सांभाळल्यासारखे हँडल दाबून. कोळप्यामागे चालणे तेवढेच होते, पण कोळपे हिसके देत नव्हते. पॉवर टिलर इथे आला, काही बागांत टिकला, बाकीचे शेडमध्ये गेले. पुढे आले ते छोटे ट्रॅक्टर आणि हलके पॉवर वीडर. गुजरातेत अमरेलीच्या मनसुखभाई जगानींनी १९९० च्या दशकात बुलेट मोटारसायकलला मागे औते जोडून बनवलेली ‘सांती’ हेही बैल महाग झाल्याचेच उत्तर होते.

फवारणीची यंत्रे तर आणखी झपाट्याने नाहीशी होत आहेत. मुंबईच्या आस्पी कंपनीचे पाठीवरचे पितळी पंप, पायाने दाबायचे पंप, कापूस आणि मिरचीच्या शेतात चाललेले मोटर-फवारे. पितळेला भाव आहे, म्हणून ते सगळ्यात आधी विकले गेले. पितळी टाकीवर ठोकलेली पट्टी, नळीचा मूळ आकार, झडपेतले चामडी वॉशर हे सगळे असलेला एखादा पंप सापडला तर तो इंजिनाइतकाच मोलाचा.

जळगावच्या एका माणसाच्या धंद्यात ही सगळी कालरेषा सामावलेली दिसते. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये घरच्या पिढ्यांच्या ७,००० रुपयांच्या बचतीवर रॉकेल विकायला सुरुवात केली. मग ट्रॅक्टर, पाइप, शेतीची साधने यांच्या एजन्सी घेतल्या. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन पपईपासून पपेन काढले, १९८० मध्ये पीव्हीसी पाइप बनवायला सुरुवात केली आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबककडे वळले. रॉकेल ते ठिबक हा प्रवास म्हणजे इंजिनाच्या टाकीपासून झाडाच्या मुळापर्यंतचा प्रवास. ठिबक आले तसे पाट, वाफे, सारा पाडण्याची औजारे आणि बारे देणाऱ्याचे कसब मागे पडले. पाण्यासाठी ते चांगलेच झाले. पण त्या औजारांची नोंद ठेवायला कुणी थांबले नाही.

आता प्रश्न ओळखण्याचा. इंजिनावरची पितळी किंवा ॲल्युमिनियमची पाटी शिल्लक असेल तर निम्मे काम झाले. नसेल तर दुसऱ्या खुणा आहेत. पाटीवर पत्ता ‘किर्की’ किंवा ‘पूना’ असा असेल तर यंत्र जुने. सरकारी दफ्तरात पूनाचे पुणे १९७८ मध्ये झाले. पत्त्यात पिनकोड असेल तर यंत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण पिनकोड त्याच दिवशी सुरू झाला. आयएसआयची खूण असेल तर ते १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरचे. बोल्टांना पाना लावून पाहावा. इंग्लंडहून आलेल्या यंत्रावर व्हिटवर्थ आटे असतात, तिथे मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही. १९५६ च्या वजन-मापे कायद्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि भारतीय कारखान्यांनी हळूहळू आटे बदलले. एकाच इंजिनावर दोन्ही आटे दिसले तर समजावे, मधे कुणी खानदेशी फिटर येऊन गेला आहे. डीलरची छोटी पाटी, धुळे किंवा जळगावच्या दुकानाची, असेल तर तिचा फोटो सर्वांत आधी घ्यावा. अशा पाट्या एकत्र केल्या तर या दोन जिल्ह्यांत कोणते दुकान कोणत्या दशकात काय विकत होते, हा व्यापाराचा नकाशा तयार होईल.

दुरुस्तीचे काम धीराचे आहे. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनाचा पिस्टन लायनरला चिकटलेला असतो. त्याला घण मारू नये. डोके काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेलचे मिश्रण भरून ठेवावे, रोज थोडे हलवून पाहावे. कधी आठवडा लागतो, कधी महिना. कूलिंगच्या पोकळीत खारट पाण्याचा चुना जाड थराने बसलेला असतो. तो सौम्य आम्लाने काढताना बीड खाल्ले जाणार नाही हे पाहावे लागते. बिडाला तडा गेला असेल तर ती जागा तापवून निकेलच्या कांडीने वेल्ड करावे, नाहीतर थंड होताना दुसरा तडा जातो. व्हॉल्व्ह घासून बसवणे, नोझल तपासणे, इंधन-पंपाचे एलिमेंट बदलणे ही कामे कुठल्याही तालुक्याच्या गावी होतात. पांढऱ्या धातूचे बेअरिंग ओतणारे हात मात्र कमी उरले आहेत. सुटे भाग मिळतील का, ही भीती लिस्टर नमुन्याच्या बाबतीत फारशी नाही, कारण राजकोटच्या कारखान्यांनी हे भाग दशकानुदशके बनवले आणि जुनी इंजिने जपणारे परदेशातले हौशी लोकही ते मागवत आले.

रंगाबद्दल वाद होतो. संग्राहकाला इंजिन कारखान्यातून निघाल्यासारखे चकचकीत हवे असते. खानदेशातल्या यंत्राच्या बाबतीत हा आग्रह सोडावा. मूळ रंगावर पोळ्याला लावलेला गेरू, त्यावर कुटुंबाच्या नावाचे तेलरंगातले अक्षर, टाकीला ठोकलेले ठिगळ, जिनच्या फिटरने बसवलेले भलत्याच कंपनीचे गव्हर्नर-स्प्रिंग हे सगळे यंत्राचे चरित्र आहे. सँडब्लास्ट केला की ते जाते आणि उरते ते कुठल्याही देशातले एक जुने इंजिन. गंज थांबवावा, तेलाचा हात द्यावा, चालू करता येत असेल तर चालू करावे, एवढे पुरे.

जागेचा प्रश्न उरतो. धुळ्यात वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ जुने कागद आणि वस्तू सांभाळते. दिल्लीत राष्ट्रीय कृषी विज्ञान संग्रहालय आहे. धुळ्याचे कृषी महाविद्यालय १९६० पासून आहे, जळगावला तेलबिया आणि केळीची संशोधन केंद्रे आहेत. यांपैकी कुणीही एखादी शेड दिली, तर मोटेच्या चाकापासून सबमर्सिबलपर्यंतची रांग दोन हंगामांत उभी करता येईल. यंत्रे लांबून आणायची नाहीत. ऊस गाळणाऱ्या काही रसवंत्यांवर आणि पिठाच्या गिरण्यांवर ती अजून कामावर आहेत, आणि त्यांचे मालक पाटीवरचा आकडा तोंडपाठ सांगतात.

प्रत्येक यंत्रासोबत एक कागद असावा: कोणत्या गावच्या कोणत्या विहिरीवर होते, कोणत्या साली घेतले, कर्ज कुणाचे, पाणी तेव्हा किती खोल, कोणते पीक, कुणी चालवले, कुणी दुरुस्त केले, कधी बंद पडले. ही माहिती देणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आखाजीच्या आधी खळी आणि गोठे साफ होतात, भंगारवाल्यांचे टेम्पो गावोगाव फिरतात आणि बीड किलोवर जाते. नोंदीचे काम त्याआधी, फाल्गुनात सुरू व्हायला हवे.